ताज्या दळणाचा ब्रेड: पाणी जास्त, वेळ कमी

गेल्या अंकात आम्ही विचारलं होतं, की गिरणीतून आणलेल्या ताज्या पिठाचा ब्रेड घरी करताना नेमकं अडतं कुठं. बेळगाव, खानापूर, निपाणीपासून अथणीपर्यंतच्या वाचकांनी लिहून कळवलं. बहुतेक पत्रांमागं चूक एकच दिसते. कृती मैद्याची आणि पीठ घरच्या गव्हाचं. या दोन पिठांची तहान वेगळी, फुगण्याची घाई वेगळी आणि दमही वेगळा. उत्तरं भट्टीवर काम करणाऱ्यांनी आणि धान्य-दळणातल्या जाणकारांनी दिली आहेत.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): ताई, खपली पौष्टिक म्हणून तिचाच ब्रेड केला, तर वीट झाली. रविवार पेठेत इतके गहू दिसतात, ब्रेडला कुठला घेऊ सांगा की.

उत्तर: चूक तुमच्या हाताची नाही, दाण्याची आहे. खपलीत प्रथिनं भरपूर असतात, पण तिचा चिकटा (ग्लुटेन) लेचापेचा. कणीक फुगण्याऐवजी पसरते. खीर, हुग्गी, चपाती यांसाठी खपलीला तोड नाही. ब्रेडमध्ये मात्र ती पिठाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच घाला. आणखी एक सावधगिरी. आपल्याकडं कन्नडमध्ये खपलीला सदक किंवा जवे म्हणतात, पण ‘जवे गोधी’ म्हटल्यावर काही दुकानांत बार्ली पुढ्यात येते. दाणा बघूनच घ्या.

बन्सीचंही तसंच. पिवळसर, काचेसारखा कडक दाणा, रवा आणि शेवयांसाठी उत्तम. त्याचा चिकटा ताकदीचा असतो, पण ताणला की लांबत नाही, तुटतो. फुगणाऱ्या ब्रेडला लांबणारा चिकटा लागतो. म्हणून लोकवन घ्या. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारतीत निघालेला ‘लोक-१’ तो हाच, नाव बाजारात घासून लोकवन झालं. शरबतीही चालतो, पण त्याचा ब्रेड थोडा बुटका होतो. पहिले चार-पाच ब्रेड शंभर टक्के लोकवनचे करा, हात बसला की मग खपली मिसळा.

प्रश्न (निपाणी): गिरणीवाल्याला काय सांगायचं? बारीक की जाडसर?

उत्तर: बारीक, पण जळकं नको. गिरणीचे दगड घट्ट आवळून एकाच फेरीत अगदी मऊ पीठ काढलं, की ते हाताला चटका लागेल इतकं तापून येतं. अशा दळणात पिठातल्या स्टार्चचे कण मोठ्या प्रमाणात फुटतात. फुटलेला स्टार्च पाणी खूप पितो. चपाती मऊ राहते ती त्यामुळंच. ब्रेडमध्ये मात्र तेच पाणी पुढं सुटतं, कणीक चिकट होते आणि भाजल्यावर आतून गिच्च लागते. दगड थोडे सैल ठेवून दोनदा दळून देतील तर उत्तम. नाही तर नेहमीच्या चपातीच्या पिठापेक्षा किंचित जाड, बोटांत चोळल्यावर जेमतेम कणी लागेल असं सांगा. घरघंटी असेल तर सर्वांत बारीक जाळी लावून थोडं थोडं दळा.

दुसरी गोष्ट नंबराची. ज्वारी किंवा हरभरा दळून झाल्यावर लगेच तुमचं दळण टाकू देऊ नका. दगडात आणि पेटीत राहिलेलं पीठ तुमच्या डब्यात येतं. ज्वारीत चिकटा नसतो, त्यामुळं ब्रेड भुगा होऊन पडतो. आपल्यापुढं गव्हाचंच दळण गेलेलं असावं.

डबा घरी आणल्यावर झाकण उघडून पीठ परातीत पसरा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम पीठ डब्यात बंद केलं तर वाफ धरतं. उन्हाळ्यात बाहेर आठवडाभर, फ्रीजमध्ये महिनाभर. गव्हाच्या अंकुरातलं तेल पिठात मोकळं झालेलं असतं, तेच पुढं खवट होतं. ब्रेड मागून कडवट लागतो तो बहुधा यामुळं.

प्रश्न (खानापूर): वाटीनं मोजून करते. एकदा होतो, एकदा फसतो. एक पक्की कृती द्या.

उत्तर: आधी वाटी बाजूला ठेवा. ताजं दळलेलं पीठ हवा धरून फुललेलं असतं, दोन दिवसांनी तेच दबून बसतं. त्यामुळं वाटी तीच राहते आणि वजन बदलतं. स्वयंपाकघरातला साधा डिजिटल काटा घ्या, या कामात त्याच्याइतका उपयोगी खर्च दुसरा नाही.

साडेआठ बाय साडेचार इंचाच्या टिनला हे प्रमाण बसतं: लोकवनचं पीठ ४०० ग्रॅम, पाणी ३१० ते ३२० मिली, मीठ ७ ग्रॅम, गूळ १५ ग्रॅम, तेल १५ ग्रॅम, बारीक दाण्याचं इन्स्टंट यीस्ट ४ ग्रॅम. जाड दाण्याचं यीस्ट असेल तर ते ५ ग्रॅम घ्या. त्याला थोड्या कोमट पाण्यात गुळासह दहा मिनिटं फेसाळू द्यावं लागतं. बेकरीतून ताजं यीस्ट मिळालं तर १२ ग्रॅम.

पीठ आणि २९० मिली पाणी एवढंच आधी कालवा. यीस्ट नाही, मीठ नाही. कोरडं पीठ दिसेनासं झालं की झाकून ४० मिनिटं सोडून द्या. ही पायरी मैद्यात टाळली तरी निभतं, ताज्या दळणात नाही. कोंड्याला पाणी प्यायला वेळ लागतो. तो कोरडाच राहिला तर मळताना चिकट्याला सुरीसारखा कापतो, आणि नंतर कणकेतलं पाणी ओढून ब्रेड कोरडा करतो. चाळीस मिनिटांनी उंडा ताणून बघा, न मळताच निम्मं काम झालेलं दिसेल.

आता गूळ १५ मिली पाण्यात विरघळवून गाळून घ्या. आपल्या भागातल्या गुळात कचरा आणि उसाचे तंतू असतात. यीस्ट आणि मीठ घालून मळा. आठ-दहा मिनिटं नीट तिंबा आणि तेल शेवटी घाला. तेल आधी पडलं तर पिठाच्या कणांवर बसतं आणि चिकटा जुळायला उशीर होतो. कणीक चपातीच्या कणकेपेक्षा स्पष्ट सैल हवी. ती परातीला थोडी चिकटते आणि हाताला लागते. तेवढ्यानं पीठ भुरभुरू नका. हात ओला करा. अजून आवळ वाटली तर राहिलेलं पाणी चमच्या-चमच्यानं द्या. निम्म्याहून अधिक जणांचा ब्रेड फसतो तो इथं, ‘चिकटतंय’ म्हणून घातलेल्या मूठभर पिठानं.

पहिलं फुगणं उभ्या बाजूंच्या डब्यात करा आणि कणकेच्या पातळीवर बाहेरून रबर लावा. दुप्पट होण्याची वाट बघू नका, दीडपट ते पावणेदोनपट पुरे. २८ अंशांच्या खोलीत याला तासभर, फार तर सत्तर मिनिटं लागतात. मग दाबून हवा काढा, टिनच्या लांबीएवढं चौकोनी थापा, घट्ट वळकटी करा आणि शिवण खाली ठेवून तेल लावलेल्या टिनमध्ये बसवा. वळकटी सैल राहिली तर कापल्यावर आत बोगदा दिसतो.

दुसऱ्यांदा फुगून कणीक काठाच्या वर जेमतेम १ सेंमी आली, की ओव्हन तयार हवा. ओटीजी २१० अंशांवर पंधरा मिनिटं आधीच तापवा, दोन्ही सळया चालू, टिन खालच्या कप्प्यात. दहा मिनिटांनी १८५ वर उतरवा आणि आणखी २५ ते २८ मिनिटं भाजा. वरून लवकर काळपट व्हायला लागला तर फॉइल झाका, ओटीजीची वरची सळई जवळ असते. टोचायचा थर्मामीटर असेल तर मधोमध ९४ ते ९६ अंश आले की झालं. नसेल तर टिनमधून काढून तळाला टिचकी मारा, पोकळ आवाज यायला हवा.

आणि मग दोन तास जाळीवर. गरम कापू नका. आतला स्टार्च गार होतानाच बसतो, तोवर कापलेला ब्रेड सुरीला गोळा होऊन चिकटतो आणि ‘कच्चा राहिला’ असं वाटतं.

प्रश्न (अथणी): वर छान येतंय, पण ओव्हनमध्ये घातलं की मधून बसतंय. यीस्ट वाढवू का?

उत्तर: वाढवू नका, कमी करा. तुमचा ब्रेड जास्त फुगून मग बसतोय. ताज्या पिठातला कोंडा चिकट्याचं जाळं कापत असतो, आणि अंकुरात असलेलं ग्लुटाथायोन तेच जाळं सैल करतं. मैद्याची कणीक जिथं आणखी अर्धा तास तग धरते, तिथं ही हार मानते. शिवाय ताज्या पिठात यीस्टला खायलाही जास्त मिळतं, त्यामुळं ते जोरात धावतं. कृतीत लिहिलेली वेळ घड्याळात पाहू नका. ओल्या बोटानं हलकं दाबा. खड्डा हळूहळू अर्धा भरून आला तर ओव्हनमध्ये घाला. लगेच भरला तर थोडं थांबा. तसाच राहिला तर उशीर झालाय. अशी कणीक टिनमधून काढून पुन्हा वळा आणि निम्म्या वेळातच भाजायला घाला. ब्रेड बुटका होईल, पण बसणार नाही.

अथणीच्या उन्हाळ्यात खरा दोष पाण्याचा असतो. मळून झालेली कणीक २६ अंशांच्या आसपास हवी. हिशोब सोपा आहे: २६ ला ३ नं गुणा, म्हणजे ७८. त्यातून खोलीचं तापमान, पिठाचं तापमान आणि हातानं मळण्याचे २ वजा करा. मेमध्ये खोली ३४ आणि पीठ ३२ असेल तर पाणी १० अंशांचं, म्हणजे फ्रीजमधलं लागतं. डिसेंबरात दोन्ही २० असतील तर ३६, म्हणजे कोमट. उन्हाळ्यात भिजवलेलं पीठ ती चाळीस मिनिटं फ्रीजमध्येच ठेवा, नाही तर गार पाण्याचा उपयोग वाया जातो.

एवढं करूनही ढिलाई राहिली तर व्हिटॅमिन सी कामाला येतं. साधी ५०० मिलिग्रॅमची गोळी १०० मिली पाण्यात विरघळवा, त्यातलं एक चमचा (५ मिली) पाणी ४०० ग्रॅम पिठाला घाला आणि उरलेलं टाकून द्या. पीठ दोन-तीन आठवडे ठेवल्यावर हवेनं चिकट्याला जी बळकटी येते, ती यानं त्याच दिवशी मिळते. लिंबू पिळून हे साधत नाही, चमचाभर रसात त्याचं प्रमाण फार थोडं असतं.

प्रश्न (वडगाव): पीठ चाळायचं का? सासूबाई म्हणतात चाळलं तर मग घरी दळून उपयोग काय.

उत्तर: दोघींचंही बरोबर. चाळा, पण कोंडा टाकू नका. मैद्याच्या चाळणीनं ४०० ग्रॅममधून साधारण ४० ग्रॅम कोंडा निघतो. त्यावर कृतीतल्याच पाण्यातलं ८० मिली उकळतं पाणी ओता आणि तासभर झाकून ठेवा. तो मऊ पडला, गार झाला, की चाळलेल्या पिठाची कणीक चांगली तिंबून झाल्यावर शेवटच्या दोन मिनिटांत मिसळा. चिकटा आधी जुळतो, कोंडा नंतर येतो. त्याच गव्हाचा, तेवढाच कोंडा घातलेला ब्रेड बोटभर उंच येतो.

कोंडा दळतानाच मोठा निघावा असं वाटत असेल तर आपल्याकडची मांड्यांच्या सपिटाची रीत आठवा. गव्हाला पाण्याचा हात लावायचा, फडक्यात दडपून ठेवायचं, मग दळून वस्त्रगाळ करायचं. ओल लागलेलं साल चिवट होतं, भुगा न होता पापुद्र्यानं सुटतं. ब्रेडसाठी किलोला २० मिली पाणी शिंपडून, चोळून, रात्रभर झाकून ठेवा. याहून जास्त पाणी घालू नका, गिरणीचा दगड लिंपतो आणि गिरणीवाला पुन्हा उभा करत नाही. मांडे करणारी बाई हातावर सपिटाचा पडदा ताणते, तो त्याच गव्हातल्या चिकट्याच्या जोरावर. घरच्या गव्हाला ताण नसतो असं म्हणणाऱ्यांना तेवढं दाखवावं.

प्रश्न (चिकोडी): यंदा कापणीच्या वेळी पाऊस लागला. घरच्याच गव्हाचा ब्रेड वेळ वाढवून भाजला तरी आतून चिकट राहतोय.

उत्तर: भाजण्याचा संबंध नाही. शेतात उभ्या पिकाला पाऊस लागला की दाणा आतून मोड काढायला सुरुवात करतो, बाहेर काही दिसण्याआधीच. मोड येताना स्टार्चची साखर करणारी विकरं वाढतात. ती ओव्हनमध्येही काही मिनिटं काम करत राहतात आणि ब्रेडचा गर खळीसारखा होतो. मूठभर दाणे पांढऱ्या कागदावर पसरा. रंग उतरलेला, टोकाशी साल फाटलेलं, बारीक कोंब दिसणारं असं काही आढळलं तर तो गहू ब्रेडला एकट्यानं वापरू नका. चांगल्या लोकवनमध्ये पाचवा हिस्सा मिसळा आणि ४०० ग्रॅमला एक चमचा व्हिनेगर घाला. आंबटपणात या विकरांचा जोर कमी होतो. बाकीचा चपातीला वापरा.

प्रश्न (नंदगड): पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी ब्रेडला गोडसर कुजका वास येतो, आणि तुकडा मोडला की आत तारा सुटतात. बुरशी तर दिसत नाही.

उत्तर: तो ब्रेड खाऊ नका, जनावरांनाही घालू नका. बेकरीत याला ‘रोप’ म्हणतात. मातीतून गव्हाच्या सालीवर आलेल्या एका जिवाणूचे बीजाणू भाजण्यातूनही जगतात, आणि ब्रेड उबदार, दमट राहिला की आतला गर पचवून चिकट तारा करतात. वास पिकून सडलेल्या खरबुजासारखा. कोंड्यासकटच्या पिठात हे बीजाणू मैद्यापेक्षा जास्त असतात, त्यात नंदगडचा पाऊस.

इलाज आंबटपणाचा. जून ते सप्टेंबर प्रत्येक ब्रेडमध्ये, ४०० ग्रॅम पिठाला, एक चमचा व्हिनेगर घालाच, किंवा ५० मिली पाण्याऐवजी आंबट दही घ्या. ब्रेड पूर्ण भाजा, जाळीवर मोकळा गार करा, गरम असताना प्लास्टिकच्या पिशवीत कधीच घालू नका. एकदा रोप लागला की टिन, पाट, फडकी, सुरी सगळं गरम पाण्यानं धुऊन व्हिनेगरनं पुसा. जुन्या कणकेचा गोळा पुढच्या वेळेसाठी ठेवायची सवय असेल तर तो गोळा टाकून द्या. पावसाळ्यात ब्रेड दुसऱ्या दिवशीपर्यंत संपणार नसेल तर त्याच संध्याकाळी कापून फ्रीझरमध्ये ठेवा. लागेल तसा तुकडा काढून थेट तव्यावर टाका.

प्रश्न (संकेश्वर): ओव्हन नाही. कुकरमध्ये होईल का?

उत्तर: होईल, पण कुकरपेक्षा जाड बुडाचं ॲल्युमिनियमचं पातेलं बरं. कुकरच घ्यायचा तर रबर आणि शिट्टी काढा, आणि आत पाणी घालू नका. तळाला किलोभर जाडं मीठ पसरा, वर स्टँड ठेवा, जड झाकण लावून मध्यम आंचेवर पंधरा मिनिटं तापवा. ६ इंची गोल टिनला २५० ग्रॅम पीठ पुरे. बाकी सगळं त्याच हिशोबानं कमी करा. मंद-मध्यम आंचेवर ४५ ते ५० मिनिटं. पहिली अर्धी वेळ झाकण उचलू नका. वरचा भाग पांढरट राहतो, कारण वरून आंच नसते. शेवटी ब्रेड उलटा करून तापल्या तव्यावर दोन-तीन मिनिटं ठेवा. मीठ पुन्हा पुन्हा वापरता येतं, स्वयंपाकात मात्र नाही.

प्रश्न (येळ्ळूर): कणीक फुगायला ठेवली आणि लाईट गेली. ओव्हन नाही लागला तर कणीक वाया?

उत्तर: वाया नाही. पहिल्या फुगण्यात असेल तर हवा काढून, तेलाचा हात लावून लगेच फ्रीजमध्ये ठेवा. दार उघडझाप केली नाही तर बंद फ्रीजही दोन-तीन तास गार राहतो. टिनमध्ये बसवल्यावर लाईट गेली तरी हेच. लाईट आल्यावर आधी ओव्हन तापवा, मगच टिन बाहेर काढा. चार तासांहून जास्त गेले तर ब्रेडचा नाद सोडा, कणकेच्या जाड भाकऱ्यांसारख्या थापा आणि झाकण ठेवून तव्यावर भाजा. चटणीबरोबर उत्तम लागतात, यात काही कमीपणा नाही.

प्रश्न (बैलहोंगल): वर्षभराचा गहू एरंडेल लावून ठेवलाय. त्याचा ब्रेड फुगेल?

उत्तर: फुगेल. हाताला जेमतेम लागेल एवढ्या एरंडेलानं चिकट्याला काही होत नाही. वास नको असेल तर दळणाआधी ओल्या फडक्यानं चोळून दोन तास उन्हात टाका. पण गव्हाला बोरिक पावडर लावली असेल तर ती खायची वस्तू नाही. तो गहू तीन पाण्यांत धुऊन, कडक उन्हात दोन दिवस खडखडीत वाळवूनच दळायला द्या. दाताखाली टकदिशी फुटला तर वाळला, नुसता चेपला तर आणखी एक ऊन द्या. पुढच्या साठवणीला कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि घट्ट झाकणाची कोठी एवढं पुरतं.